रामधननं काय काय पाहिलं

लढाईवरून परत आल्यावर वर्षभर मी एक काम मोठ्या इमानदारीनं केलं. जऊळका स्टेशन आलं, की डब्यात खाली बसायचं. वाशिमहून अकोल्याच्या बाजाराला वांग्या-मिरचीच्या पाट्या घेऊन मी आठवड्यातून एकदा तरी जायचो. गाडी जऊळक्याला दोन-चार मिनिटं थांबायची. तेवढा वेळ मी पाट्यांच्या मागे उकिडवा बसून उपरणं तोंडावर ओढून घ्यायचो. डब्यातले लोक म्हणत, लढाईतला माणूस आहे, डोक्यावर परिणाम झाला असेल. म्हणेनात का! जर्मनाची मला जेवढी भीती वाटली नाही, तेवढी त्या फलाटावर कधीमधी दिसणाऱ्या एका बाईची वाटत होती. तिचं नाव तुळसाबाई. तिचा एकुलता एक मुलगा रामधन माझ्याबरोबर इटलीला गेला आणि परत आला नाही. तो कसा गेला हे साऱ्या जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि ते तिला कळू नये म्हणून माझी ही सगळी धडपड चालली होती.

सत्तेचाळीसची संक्रांत होऊन आठेक दिवस झाले असतील. वाशिमच्या शिवेवर आमचा भाजीचा मळा आहे. मी मोट हाकत होतो, माझी बायको सीता वाफ्यात मेथी खुडत होती. बांधावरून एक म्हातारी येताना दिसली. डोक्यावर गाठोडं, हातात काठी, पण काठी टेकत नव्हती, नुसती बाळगली होती. एक खांदा पुढे काढून चालत होती. रामधन अगदी तसाच चालायचा. पळावं तर कुठं पळणार, मळा माझा, बैल माझे, बायको माझी!

"नथ्थूचा मळा हाच काय वं माय?" तिनं सीताला विचारलं.

"हाच. तुमी कोन?"

"मी जऊळक्याची तुळसा. रामधनची माय."

सीता मेथी टाकून तिच्या पाया पडायला उठली. तिला सातवा महिना होता. म्हातारीनं तिला मध्येच धरलं.

"वाकू नको वं बाई, अशा दिवसात. धडधाकट लेकरू होऊ दे तुले." आणि तिनं सीताच्या पोटावर हात ठेवला.

आमच्याकडे पोर गेलेल्या आईच्या तळतळाटाला सगळे भितात. तो लागला तर पोटातल्या जिवाला आधी लागतो, असं बाया आपसात बोलतात. आणि इथं तीच बाई, तोच हात, माझ्याच लेकरावर! तिला खरं कळलं तर हा हात काय करील, हा विचार मनात आला आणि पुढचे दोन तास तो तिथून हलला नाही.

मी बैल सोडले. म्हटलं, मावशी, घरात चाला. तर म्हणाली, इथंच बसू, सावली आहे. आणि बसली कुठं, तर नेमकी विहिरीच्या काठाशी, निंबाखाली. सीतानं पाणी आणलं, गुळाचा खडा आणला. मी समोर बसलो खरा, पण माझी पाठ विहिरीकडे होती आणि मला ती उघडी वाटत होती.

"गाडीत खाली बसतं ना तू?" मावशीनं पाणी पिता पिता सहज विचारलं.

मी गुळाचा खडा तिच्यापुढे सरकवला.

"दोन डाव पाह्यलं म्या. फलाटावरून समदं दिसते, बापू. पयले राग आला. मंग वाटलं, याले माह्यं तोंड पाह्यवत नसन. सोबती गेला, त्याचं दुःख हाय पोराले. मंग म्हतलं, थो येत नाही त आपनच जावं."

तिनं काठी उगारली असती तर बरं झालं असतं. ती माझ्या भित्रेपणाला दुःख समजत होती. मी मान खाली घातली, आणि तेही तिला दुःखच वाटलं असणार.

मग तिनं कमरेची चंची सोडून घडी घालून घालून मऊ झालेला एक कागद काढला. रामधनचं शेवटचं पत्र. तिला वाचता येत नव्हतं, पण शाळेतल्या मास्तरांकडून ऐकून ऐकून पाठ झालं होतं. कागद उलटा धरून तिनं ते म्हणून दाखवलं. "‘माय, इथं येवढं पाह्यलं का कागदात मावत नाही. घरी आल्यावर तुह्याजोळ बसून सांगीन.’ थो त आला नाही. मंग तू सांग. काशीवरून मानूस आलं का त्याच्याजोळ बसून आयकतात ना आपल्यात? तसंच. त्यानं काय काय पाह्यलं थे म्या आयकलं, म्हंजे त्याचं सांगनं झालं."

"कसा गेला थे नाही पुसत म्या," ती पुढे म्हणाली. "बाँब पडला, लोकायनं सांगतलं. थे काय आयकाचं? जितेपनी काय पाह्यलं थे सांग."

मला सुटायला दार उघडं दिसलं. नुसतं पाहिलेलं सांगायचं! बंदरं, गल्ल्या, माणसं. त्या एका विहिरीच्या अलीकडे थांबायचं आणि मावशीला दुपारच्या गाडीत बसवून द्यायचं. मी मनातल्या मनात सगळं मोजून घेतलं आणि सुरुवात केली.

आमची कंपनी पायोनियरची, म्हणजे बंदूक नावाला आणि फावडं कामाला. रस्ते बांधा, जहाजं रिकामी करा, पडलेल्या घरांची माती उपसा. रामधनची माझी ओळख अकोल्याला भरतीच्या रांगेत झाली. वाशिम आणि जऊळका इतकं जवळ, पण भेट व्हायला अकोला लागलं. जऊळक्याच्या आजूबाजूला कुणाची घागर विहिरीत पडो की वासरू, रामधनला बोलावणं यायचं. पाल भिंतीवरून उतरते तसा तो विहिरीत उतरायचा. हे मी मावशीला सांगितलं नाही. विहिरीचं नावच काढायचं नाही असं मी ठरवलं होतं.

मी बारीपासून सुरू केलं. बारी हे समुद्रकाठचं शहर. साहेब लोक तिथलं मोठं देऊळ बघायला जायचे. आम्ही दोघं एका सुट्टीला त्या देवळामागच्या जुन्या वस्तीत वाट चुकलो. गल्ल्या इतक्या अरुंद, की आपली बैलगाडी शिरायची नाही. आणि दारोदारी बाया पाट टाकून बसलेल्या. कणकेची वळी करायची, बोटाच्या पेराएवढा तुकडा कापायचा, अंगठ्यानं दाबून त्याचा कान करायचा आणि जाळीवर उन्हात वाळवायचा.

"रामधन तिथं उभाच राह्यला," मी म्हणालो. "म्हने, अबे नथ्थू, हे त माह्या मायचे बोटवे होत!"

"तिकडंबी बोटवे?" मावशी एकदम खुलली.

"बोटवेच. थो बसला ना त्या बायायमंधी. एक म्हातारी त्याच्या हातावर चापट मारे. असं नाही, असं दाब. त्याचे समदे वाकडे झाले."

"त्याचे वाकडेच होत!" मावशी हसली, सीता हसली. मीही हसलो, आणि हसताना मला आठवलं, की बारी संपलं. आता नेपल्स.

नेपल्सला तिथले लोक नापोली म्हणतात. मी आधी टोपल्यांचं सांगितलं, कारण ते निरुपद्रवी होतं. तिथं घरं पाच-पाच मजल्यांची, गल्ली अंधारी, आणि दुपारी भाजीवाला ओरडला की वरच्या खिडक्यांतून टोपल्या खाली येतात. टोपलीत पैसे, वर बाईचा हात. भाजीवाला कांदे-टमाटे भरतो, बाई वर ओढून घेते. मी माळ्याचा पोर, मला ते बघून हेवा वाटला होता. रामधन म्हणाला होता, वाशिमात असं असतं तर तुला पाटी डोक्यावर घेऊन दारोदार ओरडावं लागलं नसतं.

"पाचव्या माळ्यावरून टोपलं सोडाचं म्हंजे दोर लय लांब लागत असन," मावशी म्हणाली.

दोर! साधा शब्द, घरातला, रोजचा. माझे तळवे एकदम पेटले. मी ते मांडीखाली दाबून धरले.

"लागते," मी म्हणालो, आणि घाईघाईनं पुढच्या ठिकाणाला गेलो.

पुढचं ठिकाण हाडांच्या गुहेचं. हे बघायला साहेब लोक जात नव्हते. गावाच्या एका टोकाला, डोंगराच्या कुशीत, पिवळ्या दगडात कोरलेली मोठी गुहा. जुन्या साथींत मेलेले, बेवारस, नाव नसलेले हजारो लोक, त्यांची हाडं तिथं रचून ठेवलेली. जळणाच्या लाकडांसारखी थप्पी. आणि पुढे कवट्यांच्या रांगा. गावातल्या गरीब बायका तिथं येतात. एकेक बाई एकेक कवटी आपली मानते, पुसते, तिच्यापुढे दिवा लावते, सुखदुःख सांगते. त्या मेलेल्यांना फार तहान असते, असं तिथं मानतात. आमच्यातल्या एका शिपायाला थोडी भाषा येत होती, त्यानं हे सांगितलं. मी तर दारातूनच परत फिरलो. इतक्या डोळ्यांच्या खोबणी एकदम आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर कोण आत जाईल! रामधन गेला. त्यानं कमरेची बाटली सोडली आणि एका कवटीपुढे पाणी ओतलं. बाहेर येऊन मलाच म्हणाला, "भेतं कायले बे? त्याईले कोनी नाही, म्हनून ह्या बाया घरच्यासारखं करतात. तहानले असतीन त पाजाव ना."

हे मी का सांगितलं, देव जाणे. मावशीचं हसू गेलं. तिनं पदर तोंडाला लावला.

"मंग माह्या रामधनचं..." ती थांबली. "त्याचं डोकस्कं तिकडंच पडलं हाय काय बापू? कोनी पुसते का त्याले?"

"नाही मावशी, नाही! त्याले आपल्यासारखा अग्नी देला. लाकडं मिळाली होती. म्याच देला अग्नी."

मावशी उठली. माझ्यापुढे येऊन तिनं दोन्ही हात जोडले. माझ्या आईपेक्षा मोठी बाई, आणि माझ्यापुढे हात जोडून उभी! मला वाटलं, आता ही विहीर उलटून माझ्यावर येणार. मी तिचे हात धरून तिला खाली बसवलं.

मग तिनं गाठोडं सोडलं. आत कोरं धोतर होतं, लाल काठाचं, घडीही न मोडलेलं. "त्याच्यासाठी घेतलं होतं, आल्यावर नेसन म्हनून. आता तू नेस. अग्नी देला तू, म्हंजे त्याच्या जागी तूच माह्या लेकरासारखा."

मला ते हातात घेता येईना. सीता माझ्याकडे बघत होती, घ्या म्हणून खुणावत होती. मी हात पुढे करायचो आणि मागे घ्यायचो.

"आता येकच सांग," मावशी म्हणाली. "शेवटलं काय पाह्यलं त्यानं? मंग मी जातो."

मी म्हणालो, "समुद्र."

"समुद्र त त्यानं मुंबईलेच पाह्यला होता."

ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच शेवटचं ठिकाण हवं होतं, पोथीचा शेवटचा अध्याय ऐकायला बसावं तसं. तिच्या मांडीवर ते धोतर होतं. एक शब्द बोललो असतो, डोंगर म्हटलं असतं, बाग म्हटलं असतं, तर सुटलो असतो. ते धोतर नेसून मी तिचा मुलगा झालो असतो आणि जन्मभर संक्रांतीला तिच्या पाया पडलो असतो. ते मला त्या हाडांच्या गुहेपेक्षा भयंकर वाटलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, बाँब पडला नाही. त्या दिवशी येकबी बाँब पडला नाही."



मग मी सांगितलं. तिच्या तोंडाकडे न बघता, समोरच्या मेथीच्या वाफ्याकडे बघत सांगितलं.

नेपल्सच्या एका गल्लीत आम्ही पडलेल्या भिंतीची माती उपसत होतो. दुपारची वेळ. शेजारच्या घराच्या चौकात एक म्हातारी रडत होती. लढाईनं नळ तुटले होते, पाण्याचे हाल होते, आणि तिची पाणी भरायची एकुलती एक तांब्याची गुंडी विहिरीत पडली होती. रामधननं विहिरीचं तोंड बघितलं आणि त्याला माहेर भेटल्यासारखं झालं. अरुंद, चौकोनी, आणि दोन्ही बाजूंना पाय ठेवायला कोरलेल्या खोबणी, अगदी आपल्याकडच्यासारख्या. पडलेलं भांडं ओढून काढायचा गळ नव्हता, तेव्हा उतरावंच लागणार होतं. त्यानं सगळं रीतीनं केलं. आधी कंदील सोडून हवा पाहिली. ज्योत विझली नाही. दगड टाकला, पाणी वाजलं. ट्रकमधला दोर आणला, एक टोक स्वतःच्या काखेखालून बांधलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं.

"कमरेले बांध," तो म्हणाला. आपल्याकडे तशी चालच आहे. जो वर उभा राहतो, त्यानं दोराचं टोक आपल्या कमरेला बांधायचं. म्हणजे काही झालं तरी तो जागा सोडून जाऊ शकत नाही. खालच्याचा जीव वरच्याच्या कमरेला. मी बांधलं. त्यानं स्वतः गाठ ओढून पाहिली, हसला आणि उतरला.

दोराला भार नव्हता. उतरणाऱ्याचा भार असतो पायांवर, खोबणीत. दोर नुसता सोबतीला. मी सैल सोडत होतो आणि तो खालून बडबडत होता. मग भोंगा वाजला. विमानं आल्याचा भोंगा. चौकातले लोक क्षणात पांगले. ती म्हातारी माझी बाही ओढायला लागली, खाली चल, खाली चल. डोक्यावर उघडं आभाळ, आणि मी दोराला बांधलेला, खुंट्याला बांधलेल्या बैलागत! मी ओरडलो, "वर ये!"

"दोन हात राह्यलं बे! गुंडी दिसून राह्यली!" तो खालून म्हणाला.

"तवा म्या गाठ सोडली, मावशी."

हे वाक्य मी तीन वर्षं कुणाला बोललो नव्हतो. सीतानं श्वास ओढलेला मला ऐकू आला.

मी गाठ सोडली, पण दोर हातात धरला होता. पळणार नव्हतो. नुसतं मोकळं राहायचं होतं मला. पण आम्हाला एक गोष्ट ठाऊक नव्हती. आपली विहीर तळापर्यंत विहीरच असते, भिंत तुमची साथ सोडत नाही. तिथली तशी नव्हती. ते विहिरीचं तोंड म्हणजे जमिनीखालच्या एका भल्यामोठ्या हौदाच्या छताला पाडलेलं भोक होतं. तीस-चाळीस हात खाली गेलं की भिंत संपते, खोबणी संपतात आणि खाली सगळं पोकळ. त्याला दोन हातांवर वाटलेली गुंडी त्या पोकळीच्या तळाशी होती. रामधननं पाय पुढच्या खोबणीत ठेवला आणि तिथं खोबण नव्हती. त्याचा सगळा भार एकदम दोरावर आला. माझ्या तळहातांची कातडी सोलून दोर गेला. टोक माझ्या डोळ्यांसमोरून विहिरीच्या काठावरून आत गेलं. कमरेला असतं तर मी काठाला आदळलो असतो, बरगड्या मोडल्या असत्या, पण तो लोंबकळत राहिला असता.

"मंग?" मावशीचा आवाज आला. कोरडा.

मग मी पळालो. लोकांच्या मागे एका जिन्यानं खाली. शंभरावर पायऱ्या, पिवळा दगड, ओला. खाली देवळाच्या सभामंडपाएवढी खोली. नापोलीच्या पोटात असे जुने पाण्याचे हौद जिकडेतिकडे आहेत, एकमेकांना जोडलेले, आणि लढाईत लोक त्यांतच लपत. भिंतींवर कुणी कोळशानं विमानं काढलेली, कोपऱ्यात खाटा, दिवे. लेकरं रडत होती. आणि त्या रडण्यापलीकडून, भिंतीतल्या एका फटीतून, मला हाक ऐकू आली. नथ्थू! मराठी हाक, त्या जमिनीखाली. मी ज्या विहिरीपासून पळालो होतो, तिच्याच बुडाशी येऊन पोचलो होतो.

ती फट म्हणजे वाट होती, एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच. एका म्हाताऱ्यानं माझ्या हातात मेणबत्ती दिली आणि बोट दाखवलं. मी गेलो नाही. उभा राहिलो. मेणबत्ती बोटभर जळेपर्यंत उभा राहिलो, आणि तो हाका मारत होता. सगळे लोक माझ्याकडे बघत होते. शेवटी त्यांच्या बघण्याला भिऊन मी आत शिरलो. पोट एका भिंतीला, पाठ दुसऱ्या भिंतीला. श्वास घेतला की अडकायचं, सोडला की सरकायचं. गरम मेण सोललेल्या तळहातावर पडत होतं. वाटलं, इथंच चिणला जाणार.

पलीकडे गुडघाभर पाणी होतं. वर, फार वर, उजेडाचा चौकोन. रामधन दगडांच्या ढिगावर पडला होता. कमरेखाली काही हलत नव्हतं. डोळे उघडे, पण दिसत नसावं, कारण मेणबत्ती तोंडाशी नेली तरी म्हणाला, "कोन हाय?"

मला माझं नाव सांगता आलं नाही.

"वर आमचा नथ्थू हाय," तो म्हणाला. "भेकड हाय लेकाचा. त्याले म्हनाव घाबरू नको. दोर धरून ठेवजो म्हना."

मी म्हणालो, "धरला हाय."

"मले ठाव हाय. सोडत नाही थो."

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पाणी पाजलं. थोड्या वेळानं धोका टळल्याचा भोंगा वाजला, वरून दुसऱ्या जगातून आल्यासारखा. तोवर तो गेला होता. हवालदाराला मी सांगितलं, भोंगा वाजला आणि धावपळीत पडला. पुढे गावोगाव त्याचा बाँब झाला. मी होऊ दिला.

माझं सांगून संपलं. मी डोळे मिटून घेतले आणि तळतळाटाची वाट बघत बसलो. सीता उठून आत जाईल तर बरं, असं वाटत होतं, पण तिला सांगायला तोंड उघडत नव्हतं. एक मात्र खरं, छातीवरचा धोंडा उतरला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा मला पोटभर श्वास आला, आणि तो गोड लागला, त्याची मला आजही लाज वाटते.

मावशीनं विचारलं, "मरतेवेळी त्याले ठाव नव्हतं, का तू दोर सोडला म्हनून?"

"नाही."

"दोर वर धरेल हाय, असं समजूनच गेला?"

"हो, मावशी."

"बरं केलं, त्याले नाही सांगतलं." तिनं मान हलवली. पुन्हा म्हणाली, "बरं केलं."

मी डोळे उघडले. ती रागावलेली नव्हती. नुसती म्हातारी झाली होती, बांधावरून आली तेव्हापेक्षा कितीतरी. ती उठायला लागली, तोल गेला, सीतानं धरलं. मी हात पुढे केला, तो तिनं धरला नाही. उभी राहिली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"थो सुखानं गेला," ती म्हणाली. "मले काहून सांगतलं रे मंग? मी आता कोनाले सांगू?"

धोतर गाठोड्यात बांधून ती स्टेशनाकडे चालू लागली. ‘काहून सांगतलं’ याचं उत्तर मला येत होतं, माझ्या छातीवरचा धोंडा उतरावा म्हणून, आणि ते तोंडातून काढायची मला भीती वाटली.